साठचा रकाना

१

माणूस खोटं बोलतो, साक्षीदार खोटं बोलतो, शपथ घेतली की जरा जास्तच सफाईने बोलतो. तांब्याची तार मात्र कधीही खोटं बोलत नाही. हे वचन सर्वेक्षक बाईंनी एका परिषदेत ऐकलं होतं आणि त्या काळी त्यांना ते फार भावलं होतं. ज्या वक्त्याने ते उच्चारलं त्याला पुढे तांब्याच्या तारेच्याच चोरीत पकडलं. तार त्याच्याबद्दल काय बोलली ते बाईंना समजलं नाही.

तरी त्या सकाळी, एका बैठ्या घराच्या माळ्यावर कोपरांवर सरपटत, कपाळाला बॅटरी बांधून जळक्या केबलपाशी पोचल्यावर त्यांना ते वचन आठवलं. कारण समोरची तार धडधडीत खोटं बोलत होती.

बाई विमा कंपनीच्या सर्वेक्षक होत्या. आग का लागली हे सांगणं हे त्यांचं काम, आणि कारण असं निघावं की कंपनीला हात वर करता यावेत ही कंपनीची अपेक्षा. विजेच्या आगी त्यांच्या वाट्याला यायच्या. गेल्या जागी त्या आधी हात लावून बघायच्या, काय गरम, काय थंड. म्हणून ऑफिसात त्यांना पाठीमागे 'थर्मामीटर' म्हणत. समोर 'मॅडम' म्हणत, पण म्हणताना चेहरा पाठीमागचाच असायचा.

केबलची वाट सरळ होती. फाटकाजवळच्या मीटरपासून निघायची, भिंत चढून माळ्यावर यायची, माळा ओलांडून पलीकडे उतरायची आणि मधल्या खोलीतल्या मेन बोर्डात शिरायची. घरातला प्रत्येक दिवा, पंखा, गिझर या एका केबलच्या जिवावर. ती जळली तेव्हा एक तुळई कोळसा झाली, छताचा एक तुकडा जेवणाच्या टेबलावर येऊन बसला, आणि घरभर काजळी धरली. माणसं बाहेर पळाली म्हणून माणसं शाबूत होती.

आता, केबल जळते ती टोकाला. टोकाचा स्क्रू कुठेतरी सैल राहतो, तिथे ती तापते आणि पेट घेते. बाईंनी दोन्ही टोकं आधीच पाहिली होती. दोन्ही कोरी करकरीत, टोकाची पितळी पकड म्हणजे लग चकचकीत, स्क्रू असे आवळलेले की सोडवायला बाईंना खुर्चीवर पाय टेकवावा लागला. जळली होती ती मधोमध.

मधोमध जळायला कारणं मोजकी. खिळा घुसतो; इथे भोक नव्हतं. उंदीर कुरतडतो, इथे दाताची खूण नव्हती. बाईंना याचं जरा वाईट वाटलं, कारण उंदीर हा विमा कंपन्यांचा लाडका आरोपी, तो अपिलात जात नाही. तिसरं कारण, झेपेना इतका भार. पण भार वाढला की केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत तापते. ही तापली होती फक्त एका खाटेच्या लांबीएवढी, आणि त्या लांबीच्या अलीकडे-पलीकडे जणू कालच दुकानातून आणलेली.

अशी केबल जळतच नाही. ही जळली होती.

"दिसलं का?" खालून शिडीच्या पायथ्याशी भारदस्त आवाज आला. "लिहून टाका, वायरमनचा हलगर्जीपणा. आणि वायरमन माझा जावई आहे, म्हणून मागेपुढे पाहू नका. मी पाहिलेलं नाही."

२

आवाजाचे मालक निवृत्त प्राध्यापक होते. सगळी वसाहत त्यांना 'सर' म्हणायची. त्यांचा जावईही 'सर'च म्हणायचा, कारण दुसरं काही म्हणायची परवानगी अजून निघाली नव्हती. सरांनी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते वसाहतीच्या वीजबचत समितीचे अध्यक्ष झाले होते. समितीचं बक्षीसही त्यांनाच मिळालं होतं. ते देताना आणि घेताना दोन्हीकडे तेच असल्यामुळे फोटो काढायला अडचण आली, असं नंतर बाईंच्या कानावर आलं.

"मुद्दा पहिला," सर म्हणाले, "केबल याने टाकली. मुद्दा दुसरा, केबल जळली. मी परवाना मंडळाकडे रीतसर तक्रार दिली आहे. तुमचा अहवाल गेला की मंडळ त्याचा परवाना काढून घेईल."

"परवाना गेला तर तो काय करेल?"

"ते अर्थशास्त्रात येत नाही."

सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, बाईंच्या हातात चहाचा कप दिला, साखर आहे का या प्रश्नाला मान हलवली आणि त्या आत गेल्या.

"त्याने बारीक केबल घातली," सर म्हणाले. "पैसे वाचवले. सोपं आहे."

"केबलवर काय छापलंय ते मी वाचलंय, सर. बारीक नाही. बरोबर जाडीची आहे."

"त्याच्यावर नव्वद अंश लिहिलंय म्हणे. तो ते फार मिरवायचा. नव्वद अंशांची केबल मग जळते कशी?"

बाईंनी पिशवीतून रोजचा कोष्टकाचा कागद काढला. त्याला घड्या पडून पडून तो कापडासारखा झाला होता.

"हे तीन रकाने बघा. साठ, पंचाहत्तर, नव्वद. केबल तीच, पण तिच्यातून किती विद्युतप्रवाह न्यायचा याचं उत्तर तीन ठिकाणी वेगळं. नव्वदच्या रकान्यात जास्त, साठच्या रकान्यात कमी. आता तुमच्या केबलची कातडी नव्वद अंश सोसते, खरं आहे. पण तिची टोकं ज्या पितळी लगमध्ये बसतात, त्या लगना पंचाहत्तरच सोसतं. घरची मंडळी फिरायला निघाली, तर चाल कोणाची धरायची?"

"सगळ्यात हळू चालणाऱ्याची."

"म्हणून नव्वदचा रकाना विसरायचा आणि पंचाहत्तरचा धरायचा. निम्मे वायरमन नव्वदचा धरतात आणि मग मला फोन येतो."

"आणि याने?" सरांचा आवाज आशेने थोडा वर गेला.

"पंचाहत्तरचाच धरलाय. भार वाढला की आपोआप पडणारा मेन एमसीबीसुद्धा त्याच हिशेबाचा बसवलाय. सर, मी हल्ली पाहिलेल्या कामांत हे सगळ्यात नीट काम आहे."

सरांचा चेहरा पडला. आपला जावई हुशार आहे ही बातमी माणसाला कुठल्या वेळी मिळावी याचं काही शास्त्र नाही.

"मग ती भट्टीवाली," ते म्हणाले. "मागच्या खोलीत भाडेकरू आहे. मातीची भांडी करते आणि विजेच्या भट्टीत भाजते. आग लागली तेव्हा ती भट्टी धडधडत होती. हे तिने तुम्हाला सांगितलं का? नसेलच सांगितलं."

३

भट्टीवालीने दार उघडलं तेच "या, मी वाटच बघत होते" असं म्हणत. तिचे हात कोपरापर्यंत मातीने माखलेले होते आणि एक पेन केसांत, एक कानावर, एक दातांत होतं.

"भट्टी चालू होती, कबूल," तिने दातांतलं पेन काढून सांगितलं. "सकाळपासून चालू होती. पण मॅडम, भट्टी चालू असली की मी बाकी काही लावत नाही. पंखासुद्धा नाही. घामाने माझाच चिखल होतो."

"का?"

"एकदा भट्टी चालू असताना काकूंनी गिझर लावला, वरून पाण्याची मोटर लावली. खट्‌ करून मेन पडला. माझ्या बावीस बश्यांना तडे गेले. तेव्हापासून मी आणि काकू खिडकीतून एकमेकींना विचारतो. 'लावू का गं?' 'थांबा हो.' आमचं निम्मं बोलणं तेवढंच आहे."

बाईंनी मनात एक खूण केली. म्हणजे एमसीबी जागा होता. भार पंचाहत्तरच्या रकान्याबाहेर गेला की तो पडत होता. आगीच्या दिवशी तो पडला नाही. म्हणजे भार रकान्याच्या आतच होता.

"पहिल्यांदा काय कळलं तुम्हाला?"

"वास. जळका रबर आणि गोंद, दोन्ही एकदम. मी ओरडले. काकूंनी जावयाला फोन केला. तो जवळच काम करत होता, लगेच आला. मीटरपाशी वीज तोडली, ओलं पोतं घेऊन वर चढला, विझवून खाली आला. पुन्हा वर गेला. आम्ही फाटकाबाहेर." ती थांबली. "वाईट वाटतं हो. दोघांचं हल्लीच जमायला लागलं होतं. सर त्याला फोनसुद्धा करायचे. मी कान देऊन नाही ऐकत, पण सर वर्गात शिकवल्यासारखं बोलतात, त्याला मी काय करणार."

राहिला दुकानदार. केबल नकली असेल तर सगळंच जुळत होतं. दुकानदाराने नकली हा शब्द ऐकताच छातीवर हात ठेवला, मग कपाळावर, मग गल्ल्यावर, आणि तिथेच ठेवला. बाईंनी त्याला न विचारताच एक तुकडा तपासणीला पाठवला होता. उत्तर आलं: अस्सल. दुकानदारालाही याचं थोडं आश्चर्य वाटलेलं दिसलं.

जाडी बरोबर, टोकं बरोबर, भार बरोबर, माल अस्सल. सगळे निर्दोष आणि केबल जळलेली. बाई परत माळ्यावर चढल्या.

या वेळी त्या केबलकडे न बघता आजूबाजूला बघत पडून राहिल्या. शेजारून गिझरची गरम पाण्याची नळी गेली होती. तिच्यावर फोमचं जाड वेष्टण, वरून चंदेरी टेप, आणि टेपचं प्रत्येक टोक त्रिकोणात दुमडून दाबलेलं. पुस्तकाला कव्हर घालणाऱ्या माणसाचा हात. मग बाईंनी केबलकडे बॅटरी वळवली. जळका भाग जिथे सुरू होत होता तिथे रेघ मारल्यासारखी कड होती. जिथे संपत होता तिथेही. मोजा घातलेल्या पायाला उन्हाचा चट्टा पडावा तशी. आणि कातडी वरून, खालून, बाजूने सारखीच वितळली होती.

माळ्यावरच्या प्रत्येक फळीवर काजळी होती. फक्त केबलच्या त्या भागाखाली एक पट्टा लख्ख कोरा. धूर बसत होता तेव्हा तिथे काहीतरी टेकलेलं होतं. आता नव्हतं.

आग विझल्यावर कोणीतरी वर येऊन ते उचलून नेलं होतं.

४

बाई खाली आल्या तर समोरच्या पायरीवर एक तरुणी कडेला बसली होती. सरांची मुलगी. दात काढायच्या दवाखान्यात सहायक होती आणि कामाच्या कपड्यांतच आली होती.

"आत या ना," बाई म्हणाल्या. घर आपलं नाही हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं.

"नाही. बाबा तक्रार मागे घेत नाहीत तोवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही. पायरीवर बसते. आई चहा इथेच देते." तिने कप दाखवला. "आज शनिवार. मी दर शनिवारी येते. शपथ घेतली म्हणून येणं का सोडू?"

बाई तिच्या शेजारी टेकल्या.

"बाबांना तो पसंत नव्हता?"

"पहिली दोन वर्षं बाबांनी त्याला स्टुलावर बसवला. वायरमन आहे, स्टुलाची सवय असेल म्हणून. मग त्याने या घराचं वायरिंग केलं आणि बाबा म्हणाले, 'सोफ्यावर बसा.' रस्ताभर गाडीत तो गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, 'मऊ आहे गं सोफा.'" ती हसली आणि लगेच थांबली. "परवाना गेला तर त्याला कोणी काम देणार नाही. दुसऱ्याच्या हाताखाली दिवे लावत बसेल. त्याचंही त्याला काही नाही. पण तो बचाव करतच नाही. मी विचारलं, कशाने जळली? म्हणतो, माहीत नाही. त्याला माहीत नाही असं होतच नाही, मॅडम. आमच्या घरातला फ्रिज जरा निराळा घुरघुरला तरी तो झोपेतून सांगतो काय झालंय."

"त्या दिवशी घरी आला तेव्हा कसा होता?"

"हाताला चटका. मेन बंद करताना बसला म्हणाला. आणि हो, एक पोतं होतं कचऱ्याचं. तेवढं मात्र मला नवल वाटलं."

"नवल का?"

"मॅडम, तुम्ही कधी वायरमनला स्वतःचा कचरा उचलताना पाहिलंय? वायरचे तुकडे, टेपचे गोळे, भिंतीचा भुगा, सगळं तिथेच टाकून 'झालं काम' म्हणून निघतात. हाही तसलाच. जन्मात पहिल्यांदा त्याने कचरा स्वतः उचलला. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का."

बाईंनी कप खाली ठेवला. उभ्या नोकरीत त्यांनी खोटी बिलं पाहिली होती, खोटे जबाब पाहिले होते. पण न सांगता कचरा उचलणारा वायरमन पाहिला नव्हता. इतका संशयास्पद माणूस त्यांच्या वाटेला पहिल्यांदाच येत होता.

५

जावयाचं दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि छतापासून लोंबणाऱ्या वायरच्या वेटोळ्या. आरोपीला शोभेल असं त्यात काही नव्हतं. त्याने बाईंना बसायला स्टूल दिलं, वर काहीतरी मऊ घातलं, आणि स्वतः एका केबलच्या रिळावर बसला. डाव्या तळव्याला पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"मेन बंद करताना भाजला."

"मेन थंड होता. त्याच्यावरचं कागदी लेबलसुद्धा पिवळं पडलेलं नाही. शिवाय वीज तुम्ही मीटरपाशी तोडलीत."

त्याने एक लोंबणारं वेटोळं सारखं केलं.

"वितळलेला फोम हाताला चिकटला की असा चटका बसतो," बाई म्हणाल्या. "आणि सुटता सुटत नाही. पोतं कुठे आहे?"

त्याने बाईंच्या स्टुलाकडे पाहिलं.

"तुम्ही त्याच्यावरच बसलाय, मॅडम."

बाई उठल्या. उठताना त्यांनी चेहरा सरळ ठेवला. तो त्यांचा हातखंडा होता. पोत्यातून निघाली ती अर्धवट वितळलेली फोमची नळी, आत काळी, बाहेर चंदेरी. एका टोकाला टेप त्रिकोणात दुमडलेली होती.

"सरांनी गुंडाळली," बाई म्हणाल्या.

"सरांनी गुंडाळली," तो म्हणाला. "पण सांगितलं मी."

"तुम्ही?"

"गिझरच्या नळीला फोम मीच दिला होता. ते त्यांना फार आवडलं. पाणी गरम राहतं, बिल कमी येतं. मग एकदा फोन आला. मला सरांचा फोन, मॅडम. मी शिडीवर होतो, दोन्ही हात गुंतलेले, फोन खांद्यात दाबलेला. म्हणाले, 'वर अजून काही ठिकाणी ऊब लागते, तेही गुंडाळावं का?' मला वाटलं नळीचीच वळणं. मी म्हटलं, 'सर, हाताला जे जे गरम लागेल ते बिनधास्त गुंडाळून टाका.'" त्याने पट्टी चाचपली. "भट्टी चालू असली की केबल कोमट लागतेच. लागायचीच. ती ऊब हवेत जायची असते."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय म्हणू? की घर सरांनी पेटवलं? ते बचत समितीचे अध्यक्ष आहेत. वसाहत हसत सुटेल. ते त्या घरातून बाहेर पडायचे नाहीत." तो थोडा थांबला. "आणि मॅडम, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं होतं. एकदाच. त्याचं हे झालं. परत ऐकतील का?"

"परवाना जाईल तुमचा."

"अहवालात उंदीर लिहा ना. उंदराचं काय जातंय?"

बाईंना क्षणभर मोह झाला. उंदीर लिहिला तर परवाना वाचत होता, सर वाचत होते, कंपनीही खूश होती. फक्त पुढच्या उन्हाळ्यात, नवी केबल कोमट लागली की, एक कष्टाळू म्हातारा फोमची नवी नळी घेऊन परत माळ्यावर चढणार होता.

"पोतं घ्या," त्या म्हणाल्या. "आणि चला माझ्याबरोबर."

६

सगळ्यांना एका खोलीत जमवून उलगडा करण्याची बाईंना अजिबात हौस नव्हती. पण तात्पुरत्या जोडणीवर त्या घरात एकाच खोलीतला पंखा चालत होता, आणि उकाडा मरणाचा होता. सर सोफ्यावर, काकू दारात, भट्टीवाली खिडकीत. मुलगी पायरीवरच, पण दार उघडं ठेवलेलं. जावई आपण होऊन स्टुलावर बसला.

"या घरात कोणी चुकीची केबल घातली नाही," बाईंनी सुरुवात केली, "कोणी जास्त भार टाकला नाही, कोणी नकली माल विकला नाही. आता केबल तापते कशी ते बघा. प्रवाह गेला की ऊब तयार होते, ती कातडीतून हवेत जाते. ती मोकळी जाते असं धरूनच पंचाहत्तरचा आकडा मिळतो. तीच केबल फोमच्या आत गेली, की ऊब जायची कुठे? आतच साठते. म्हणून नियम सांगतो, वेष्टणात गेलेली केबल साठच्या रकान्यात बघा. साठच्या रकान्यात आकडा कमी."

"भट्टीचा भार?" भट्टीवालीने खिडकीतून विचारलं.

"साठच्या वर, पंचाहत्तरच्या खाली. म्हणून एमसीबी पडला नाही. त्याला पंचाहत्तरचा आकडा माहीत. वर माळ्यावर केबलला कोणी दुलई पांघरलीय, हे त्याला कोण सांगणार? त्यातून तुम्ही भट्टी दिवसभर लावता, आणि वर छत तापलेलं. ऊब साठत गेली. जळालं ते तेवढंच, जेवढं पांघरलेलं होतं."

"तर्क सुसंगत आहे," सर म्हणाले. "पण केबलला पांघरूण घालण्याइतका मूर्ख..."

बाईंनी पोतं सरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं आणि त्याचं तोंड उघडलं. सरांनी वाकून पाहिलं. त्रिकोणावर त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली. वाक्य पुरं करायची त्यांना घाई उरली नाही.

"तुम्हीच घातलंत," काकू दारातून म्हणाल्या. "शिडी मी धरली होती. म्हणालात, 'हीही नळीच दिसते. ऊब बाहेर जाते म्हणजे पैसा बाहेर जातो.' मी म्हटलं, विचारा तरी कोणाला. तुम्ही म्हणालात, 'विचारलंय.'"

"काकू," बाईंनी सावकाश विचारलं, "हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"गुंडाळलं ते माहीत होतं. त्याने जळतं हे आत्ता कळलं. आणि तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला चहात साखर आहे का तेवढंच विचारलंत."

एवढ्या कोपरांवरच्या सरपटीनंतर हे ऐकताना बाईंची पाठ आणखीच दुखली.

सर पोत्याकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली, ती जावयाकडे.

"तुम्ही हे उचलून नेलंत. तुमच्यावर आळ येतोय हे दिसत असताना."

"मीच सांगितलं होतं ना सर, जे गरम लागेल ते गुंडाळा. तुम्ही ऐकलंत." तो स्टुलावर अंग चोरून बसला. "पहिल्यांदाच ऐकलं होतंत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पन्नास मुलांच्या वर्गात एखादा अवघड प्रश्न आला की ते असंच करत असावेत.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये," ते शेवटी म्हणाले. "हे मी पहिल्याच तासाला शिकवायचो. तेव्हा, एकदा ऐकलं आणि घर पेटलं, यावरून यापुढे ऐकू नये असं सिद्ध होत नाही. आणखी काही वेळा ऐकून पाहावं लागेल." त्यांनी सोफ्यावर जरा बाजूला सरकून जागा केली. "जावईबापू, इकडे येऊन बसा. मला तो साठचा रकाना समजावून सांगा. सावकाश. आणि या वेळी शिडीवरून नको."

भट्टीवालीने खिडकीतून नाक ओढलं आणि मातीच्या हाताने पुसलं, त्यामुळे तिला मिशा आल्या.

"बाबा, तक्रारीचं काय?" पायरीवरून आवाज आला.

"मागे घेतो. सोमवारी सकाळीच. समितीतही मीच सांगेन. हसू देत. हसता हसता चार जण आपापला माळा तपासतील."

तेव्हा कुठे मुलगी उठली, चपला काढल्या आणि आत आली. सोफ्यावर जागा नव्हती, म्हणून ती स्टुलावर बसली.

बाईंनी अहवालात होतं तसं लिहिलं. वायरिंग निर्दोष, नंतर, चांगल्या हेतूने घातलेल्या वेष्टणामुळे केबल तापली. कंपनीने जरा कुरकुर केली, पण चांगला हेतू नाकारण्याचं कलम त्यांच्याकडे नव्हतं. नवी केबल जावयाने माळ्यावरून न नेता बाहेरच्या भिंतीवरून नेली, मोकळ्या हवेत. सर खाली उभे राहून प्रत्येक क्लिप बसताना विचारत होते, "ही का?" आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून घेत होते.

सोमवारी तक्रार मागे घ्यायला सर, जावई आणि अहवालाची प्रत घेतलेल्या बाई असे तिघं जावयाच्या गाडीतून परवाना मंडळात गेले. सर पुढे बसले होते, मांडीवर टेस्टरचा डबा सांभाळत. मंडळातल्या कारकुनाने कपाट शोधलं, दुसरं कपाट शोधलं, चहा घेऊन आला आणि म्हणाला की या वायरमनच्या नावावर तक्रार नाही, कधी आलीच नाही.

सरांनी आपण ती कुठल्या पेटीत टाकली ते दाखवलं. ती पेटी शेजारच्या पाणीपुरवठा खात्याची होती. त्यांच्याकडे तक्रार मिळाली होती आणि केव्हाच निकालात निघाली होती. शेरा होता: जागेची पाहणी केली, कुठेही गळती आढळली नाही.